रिबचा खिळा दरवर्षी वर येतोय? आधी हातोडी खाली ठेवा

गेल्या महिन्यात मिशिगनहून एका मित्राचा फोन आला, तो पण माझ्यासारखाच, सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर आणि शनिवार-रविवार जुनं विमान. म्हणाला, अरे अ‍ॅन्युअलमध्ये, म्हणजे वार्षिक तपासणीत, परत तेच निघालं, डाव्या पंखात स्ट्रटच्या (पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) जवळच्या रिबचे, म्हणजे पंखाच्या आडव्या फासळीचे, दोन खिळे वर आलेत, गेल्या वर्षी दाबून बसवले होते, वर व्हार्निशचा ठिपका पण दिला होता, आता जरा लांब खिळा मारू का? म्हटलं बाबा रे थांब, मारू नकोस, मी हाच मूर्खपणा लागोपाठ दोन वर्षं केलाय. फोनवर तासभर बोललो तरी निम्मं राहिलं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

माझं विमान म्हणजे १९४६ चं एरॉन्का ७एसी चॅम्प. ओहायोतल्या मिडलटाउनला बनलेलं, पुढे-मागे दोन सीट, ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेन्टल इंजिन, ना बॅटरी ना स्टार्टर, पंखा हातानं फिरवून चालू करायचं. विस्कॉन्सिनमध्ये ठेवलंय. भारतात फ्लाइंग क्लबात ज्यांनी पुष्पक जवळून पाहिलंय त्यांना हे नात्यातलं वाटेल, कारण एचएएलचं पुष्पक, १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, ते याच कंपनीच्या चीफशी, म्हणजे चॅम्पच्या शेजारी-शेजारी सीटवाल्या भावाशी, जवळजवळ जुळं दिसतं. एचएएलमध्ये तेव्हा डिझाइनची धुरा आपल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याकडे होती, हे इथल्या लोकांना सांगितलं की ते माझ्याकडे जरा आदरानं बघतात, त्यात माझं कर्तृत्व शून्य.

तर पंखाची रचना आधी डोळ्यासमोर आणा. प्रत्येक पंखात लांबीच्या दिशेनं दोन लाकडी स्पार, एक पुढचा, एक मागचा, घराच्या तुळया म्हणा. सिटका स्प्रूस नावाच्या लाकडाची अखंड फळी, सोळा फुटांच्या आसपास लांब. त्या दोन तुळयांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ रिबा आडव्या बसतात आणि त्या छोट्या खिळ्यांनी स्पारला ठोकलेल्या असतात. मधे तारा ताणलेल्या, वर कापड. सगळा भार स्पार घेतात, खिळे फक्त रिब जागेवर धरून ठेवतात. म्हणूनच लोकांना वाटतं खिळा वर आला तर काय मोठंसं, दाबा परत.

खिळा का वर येतो

कोकणात किंवा कोल्हापुरात ज्यांचं घर आहे त्यांना हे समजावायला लागत नाही. श्रावणात लाकडी दार चौकटीत अडतं आणि मार्च-एप्रिलला तेच दार खडखडतं. पत्र्याच्या छपराचा खिळा चार-पाच पावसाळ्यांनी डोकं वर काढतो, तो काय कोणी उपसत नाही, लाकूडच फुगून-आकसून त्याला ढकलतं. इथे पण तेच. रिब अ‍ॅल्युमिनियमची, तिला दमटपणाचं काही देणं-घेणं नाही, आणि खिळा बसलाय लाकडात. सिटका स्प्रूस ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वार्षिक कड्यांच्या दिशेनं साधारण साडेसात टक्के आकसतं, कड्यांना आडवं सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. विमानात लाकूड एवढं टोकाला जात नाही हे खरं, पण इथला हिवाळा कोरडा ठणठणीत आणि जुलै चिकचिकीत, त्यात कोणी हँगर गरम ठेवत असेल तर अजूनच कोरडं, म्हणजे दरवर्षी एक फेरी होतेच. वर्षाला एक फेरी आणि विमानाला वर्षं झालीत पंच्याहत्तरच्या वर.

पण, आणि हा पण महत्त्वाचा, फक्त ऋतूमुळे खिळे वर यायचे असतील तर ते दोन्ही पंखांत थोडेथोडे, इकडेतिकडे येतील. एकाच पंखात, एकाच रिबला, दाबले तरी परत परत येत असतील तर तिथलं लाकूड बाकीच्यापेक्षा जास्त हलतंय. एकतर तिथे पाणी पोचतंय, किंवा तिथे चीर आहे, किंवा पंखाला कधीतरी मार बसलाय, किंवा आतल्या तारा ढिल्या पडून पंखाची चौकट वाकडी होतेय. खिळा फक्त चहाडी करतोय. त्याला दाबून गप्प केलं की वर्षभर शांत झोप लागते, एवढाच फायदा.

आणि हातोडी का नको तेही सांगतो. खिळा एकदा हलला की त्याचं भोक सैल झालेलं असतं. त्याच भोकात परत ठोकला की तो पकड घेत नाही, लांब किंवा जाड मारला तर पाचरीसारखं काम करतो आणि लाकूड रेषेत उभं चिरतो. मी पहिल्या वर्षी दाबला, दुसऱ्या वर्षी थोडा जाड मारला, तिसऱ्या वर्षी त्या खिळ्यापासून शेजारच्या खिळ्यापर्यंत केसाएवढी चीर. ती मीच पाडली की आधीची होती हे आता सांगता येणार नाही, पण मला माहितीये.

आधी नीट बघा, आणि कॅमेऱ्यावर विसंबू नका

या घराण्यातल्या लाकडी स्पारवाल्या विमानांसाठी, म्हणजे ७, ८ आणि ११ सिरीजसाठी, एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेची, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सक्तीचा सुरक्षा आदेश, थोडक्यात एडी) आहे, एडी २०००-२५-०२ आर१, तिच्या आधी १९९८ ची एक होती. चिरा, दबलेलं लाकूड, सैल किंवा गायब खिळे, हे सगळं बघायला त्यात सांगितलंय. तुमच्या मॉडेलला आणि हॉर्सपॉवरला ती किती वेळा आणि कधी लागू होते हे मूळ कागदात वाचा, हँगरमधल्या गप्पांवर जाऊ नका, कारण त्यात फरक आहेत आणि प्रत्येकजण स्वतःच्या विमानाचं सांगत असतो. आमचा आयए, म्हणजे अ‍ॅन्युअलवर सही करायचा अधिकार असलेला मेकॅनिक, ऐंशीच्या घरातला म्हातारा आहे, मी मनातल्या मनात त्याला तात्या म्हणतो. तात्या एडी काहीही म्हणो, दरवर्षी बघतोच.

बघायची पद्धत अशी. आजकाल सगळ्यांकडे मोबाइलला जोडायचा सापासारखा कॅमेरा असतो, तो घालतात तपासणीच्या भोकातून आणि म्हणतात एकदम क्लीन. त्या कॅमेऱ्याचा दिवा समोरून सरळ पडतो. उभी चीर, वर आलेला खिळा, उंदराचं घरटं हे त्यात दिसेल. पण सगळ्यात घातक जी गोष्ट, दाबानं लाकडाचे तंतू आडवे मोडणं, ती सरळ उजेडात अजिबात दिसत नाही. तिच्यासाठी वाकणारा जोरदार दिवा घ्या, तो स्पारच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, रेषांच्या दिशेनं उजेड टाका आणि आरशातून बघा. तंतू जिथे मोडलेत तिथे रेषांना आडवी अशी एक बारीक सुरकुती दिसते, कागद घडी घालून परत सपाट केल्यावर राहते तशी. उजेडाचा कोन जरा बदलला की गायब. म्हणून घाई नको, एका बाजूला अर्धा तास लागतो.

कुठे बघायचं? स्ट्रट जिथे पुढच्या स्पारला धरतो तिथे दोन्ही बाजूंनी प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या पट्टीचं बाहेरचं टोक, म्हणजे पंखाच्या टोकाकडचं, आणि तिथे स्पारची वरची कड. हवेत पंख वर वाकू बघतो, स्ट्रटच्या बाहेरचा भाग लोंबता असतो, म्हणून वरची कड दाबली जाते, आणि पट्टी संपते तिथे जाड लाकडातून एकदम बारीक लाकडात जोर उतरतो. मग मुळाशी, म्हणजे पंख जिथे बॉडीला लागतो तिथे बोल्टच्या भोकांभोवती काळे-करडे डाग आहेत का, भोक लंबगोल झालंय का, वॉशर लाकडात रुतलाय का. डाग रेषेच्या दिशेनं पसरत गेला असेल तर पाणी आत शिरलंय.

ओलावा मोजायचा तर टोचणाऱ्या पिनांचं मीटर स्पारवर वापरू नका, आधीच भोकं कमी आहेत का. बिनपिनेचं मिळतं. आकडा किती यापेक्षा दोन्ही पंखांत एकाच जागेचा फरक किती ते बघा. कामाला बरं लाकूड साधारण ८ ते १२ टक्के असतं, २० च्या वर कुजायला लागण्याचा धोका.

माझ्याकडे काय निघालं

शोधायला गेलो तर सगळीच कारणं हजर होती.

पहिलं पाणी. पंखाच्या खालच्या कापडाला प्रत्येक खणात एक छोटी ड्रेनची, म्हणजे पाणी निथळायची, रिंग असते. माझ्या डाव्या पंखाच्या तीन रिंगा रंगानं बुजलेल्या, कोणीतरी कधीतरी रंग मारताना भोक मोकळं करायला विसरलेलं. वर उंदरांनी मागच्या स्पारला लागून झकास घरटं केलेलं, जुनं गवत, आतलं कसलंतरी फोम, आणि मूत. उंदराचं मूत अ‍ॅल्युमिनियम खातं आणि लाकूड ओलं राहतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी मांजर पाळलं असतं. मागच्या स्पारच्या मुळाशी बोल्टभोवती काळं.

दुसरं, बोल्ट. दर हिवाळ्यात लाकूड आकसलं की बोल्ट सैल वाटतात, मग कोणीतरी पाना लावून आवळतं. उन्हाळ्यात लाकूड फुगतं, फुगायला जागा नाही, मग वॉशरखाली चिरडतं. पुढच्या हिवाळ्यात परत सैल, परत आवळा. असं वीस-तीस वेळा झालं की वॉशर नाण्यासारखा लाकडात बसलेला असतो. लाकडातला बोल्ट लोखंडातल्यासारखा आवळायचा नसतो, वॉशर टेकून हलेनासा झाला की बास.

तिसरं आणि खरं. तात्यानं लॉगबुकं मागितली. मी विकत घेताना शेवटची दहा वर्षं वाचली होती, त्यानं पहिल्या पानापासून वाचली, दोन संध्याकाळी, चष्मा कपाळावर आणि कागद नाकाला लावून. १९६० च्या दशकातली एक ओळ, डाव्या पंखाचं टोकाचं कमानीचं लाकूड बदललं, कापड दुरुस्त केलं. बास. का बदललं ते नाही. टेलव्हीलवाल्या, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या, विमानात याचा अर्थ नव्वद टक्के एकच, लँडिंगनंतर विमान गर्रकन फिरलं आणि पंखाचं टोक जमिनीला घासलं. टोक दुरुस्त झालं, आतल्या स्पारकडे कोणी बघितलं की नाही देव जाणे. तात्यानं दिवा घेतला, पट्टीच्या बाहेरच्या टोकाशी वाकला, पाच मिनिटं गप्प, मग मला बोलावून आरसा हातात दिला. सुरकुती. वरच्या कडेपासून खाली दीड-दोन बोटं. याच स्पारवर मी तीन उन्हाळे बायकोला घेऊन उडत होतो.

चौथं कारण म्हणजे ताणतारा, त्या पण ढिल्या होत्याच, पण ते नंतर.

आता निर्णय कसा घ्यायचा. नुसते खिळे सैल, दोन्ही पंखांत विखुरलेले, चीर नाही, डाग नाही, तर मेकॅनिकबरोबर बसून मेकरच्या सूचनेप्रमाणे खिळे बदलता येतात, आणि पाण्याची वाट बंद करायची. उभी चीर असेल तर ती कुठे आहे, किती लांब, बोल्टच्या भोकातून जाते का यावर आहे, काही ठिकाणी दुरुस्ती चालते. जोड द्यायचा तर त्याचा उतार कमीत कमी एकाला दहा, आणि जोड स्ट्रटच्या किंवा मुळाच्या फिटिंगखाली येता कामा नये, एका स्पारला दोनपेक्षा जास्त जोड नाहीत. हे सगळं एसी ४३.१३-१बी या एफएएच्या दुरुस्ती-पुस्तकाच्या लाकडावरच्या पहिल्याच प्रकरणात आहे, आणि कंटाळवाणं असलं तरी ते प्रकरण दोनदा वाचा. आडवी सुरकुती असेल तर आमच्याकडे चर्चाच झाली नाही. स्पार गेला. एपॉक्सी भरू का, वरून पट्टी मारू का असं विचारणारे भेटतात, मोडलेला तंतू चिकटत नसतो हो.

डाव्या पंखाचे दोन्ही स्पार बदलायचं ठरलं. उजवा पंख तपासला, ठीक निघाला, ठेवला.

नवे स्पार, आणि कुठे कुठे घोळ होतो

तयार, मंजुरी असलेले स्पार विकत मिळतात आणि तुम्हाला उडायची घाई असेल तर तेच घ्या. धातूच्या स्पारचा पंख पण मिळतो, नव्या विमानांत आता तेच येतं. आम्ही फळी घेऊन केले कारण तात्याला मरायच्या आधी एकदा परत करायचेच होते आणि मला शिकायचं होतं. माझे आजोबा सुतार, बैलगाडीची चाकं करायचे, रंधा मी लहानपणी खेळण्यासारखा वापरलाय, पण रंधा हातात नीट धरायला मी चाळिशीत आणि तेही विस्कॉन्सिनमध्ये शिकलो, ही पण एक गंमतच.

फळी निवडताना गाठ नाही एवढं बघून चालत नाही. रेषा फळीच्या कडेला समांतर हव्यात, १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त तिरक्या चालत नाहीत. आणि डोळ्याला दिसणारी रेष फसवते, कारण दिसतात त्या वार्षिक कड्या, तंतू वेगळ्याच दिशेला जात असू शकतात. यावर जुना उपाय म्हणजे पातळ शाईचा थेंब, तो तंतूच्या बाजूनं पसरतो. टोकाला कड्या मोजा, इंचाला निदान ६. आमच्या पहिल्या फळीला सगळं छान होतं आणि मधे शाईचा थेंब सरळ तिरका पळाला, परत पाठवली. दुसरी आली ती गॅरेजच्या छताला आडवी टांगून पाच आठवडे तशीच ठेवली, जिथे काम करायचं त्या हवेत तिला रुळू दे म्हणून. बायकोची गाडी तेवढे दिवस बाहेर बर्फात. त्याची किंमत मी अजून फेडतोय.

भोकं. सगळ्यात मोहात पाडणारी चूक म्हणजे जुना स्पार नव्यावर ठेवून भोकं उतरवणं. जुना आकसलाय, भोकं लंबगोल झालीत, म्हणजे तुम्ही त्याचा आजारच नव्यात उतरवता. ड्रॉइंग आणि लोखंडी फिटिंग हेच खरे, फिटिंगलाच साचा धरा. ड्रिलच्या मागे टाकाऊ लाकूड घट्ट लावा नाहीतर बाहेर पडताना टवके उडतात. आधी किंचित लहान भोक, मग रीमरनं मापात. बोल्ट हातानं सुळकन जाता कामा नये आणि हातोडीनं हाणायलाही लागू नये, प्लास्टिकच्या हातोडीची टकटक एवढंच. ड्रिल प्रेस वापरा, हातानं धरून पाडलेलं भोक दोन अंश जरी तिरकं गेलं तरी पलीकडच्या बाजूला फिटिंग बसत नाही, आणि तोवर फळीत हजार डॉलर आणि दोन महिने गेलेले असतात. (आमचं एक गेलं. ते कटिंग आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. नशिबानं फालतू लांबीत होतं.)

प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवणं हा सगळ्यात नाजूक भाग. इथे चार गोष्टी सांगतो, यात शॉर्टकट नको. चिकटवायची बाजू पॉलिश पेपरनं घासू नका. घासलं की भुसा रंध्रांत बसतो आणि डिंक आत जात नाही. धारदार रंध्यानं ताजी ओढ घ्या आणि त्याच दिवशी चिकटवा. डिंक कोणता, तर रिसॉर्सिनॉल जुना आणि खात्रीचा, पण त्याला दोन गोष्टी लागतात, हँगर किमान ७० फॅरेनहाइट, म्हणजे २१ सेल्सिअस, आणि दाब जबरदस्त, मऊ लाकडाला चौरस इंचाला १२५ ते १५० पौंड, म्हणजे क्लॅम्प वीतभर अंतरावर लावून भागत नाही, शेजारी शेजारी लावावे लागतात, वर जाड फळी ठेवून. एपॉक्सीला एवढा दाब लागत नाही, उलट जास्त आवळलं तर सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो, पण कोणतं एपॉक्सी चालेल हे आयएला आधी विचारा. केसीन आणि युरिया फॉर्मल्डिहाइडवाल्या जुन्या डिंकांच्या नादाला लागू नका, गरम-दमट हवेत ते सोडतात, आपल्या मुंबईसारख्या हवेत तर विचारूच नका. आणि प्रत्येक बॅचबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी पटाशी घालून फोडा. लाकूड फाटलं तर पास, डिंकाची रेष सुटली तर सगळं परत. आमचा एक नमुना सुटला, बाहेर उणे दहा आणि हीटर मध्येच बंद पडलेला. तात्या काही बोलला नाही, फक्त रंधा पुढे केला.

पट्टीची टोकं चौकोनी कापून सोडू नका, ड्रॉइंगप्रमाणे उतरती करा. पट्टी जिथे एकदम संपते तिथेच मागची सुरकुती पडली होती, आठवतंय ना.

मग व्हार्निश. सगळीकडे दोन हात, पण कापलेल्या टोकांना आणि भोकांच्या आतून जास्त, कारण लाकूड पाणी पितं ते टोकानं, नळ्यांची जुडी असावी तसं. बोल्ट बसवताना भोकात व्हार्निश ओलं असतानाच घाला. हे एक काम नीट केलं असतं ना कोणी १९४६ मध्ये, तर मागचा स्पार कदाचित वाचला असता. अर्थात तेव्हा त्यांना वाटलं नसेल की हे कोणी पंच्याहत्तर वर्षं वापरेल.

आणि आता आपले खिळे. नवे, ड्रॉइंगमध्ये आहे त्याच मापाचे, जुने सरळ करून वापरू नका, आमच्याकडे काटकसरीची सवय असते, इथे नको. शेजारशेजारचे खिळे लाकडाच्या एकाच रेषेत येत नाहीत एवढं बघा, नाहीतर पोस्टाच्या तिकिटाला भोकं असतात तशी फाडायची रेष तयार होते. हलक्या हातोडीनं, डोकं रिबला टेकलं की थांबा.

चौकट सरळ करणं. मुळात बहुतेक लोक इथे कंटाळतात कारण पंख आता पंखासारखा दिसायला लागलेला असतो. प्रत्येक खणात दोन तिरक्या तारा एकमेकींना छेदतात, त्यांचे कर्ण सारखे यायला हवेत. लांब दांडीवर दोन टोकदार सुया बसवून एका कर्णाचं माप घ्यायचं आणि दुसऱ्यावर ठेवून बघायचं. मुळाकडून सुरुवात, एक एक खण बाहेर. एक तार आवळली की शेजारचा खण बिघडतो, मग तो, मग परत पहिला, सासू-सून-नणंद सगळ्यांना एकदम खूश करायचं काम. आम्ही सगळे खण १/१६ इंचाच्या आत आणले, त्याला दोन रविवार लागले. तारा ढिल्या राहिल्या तर उडताना स्पार पुढे-मागे किंचित सरकतात, रिबा तिरक्या होतात, आणि खिळे परत वर. म्हणजे सगळं नवं करून पहिल्याच अ‍ॅन्युअलला तोच आजार.

कापड लावायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, स्पारचे सगळे फोटो काढा, प्रत्येक रिबपाशी, तारीख घालून, आणि स्ट्रटच्या पट्टीच्या दोन्ही टोकांशी बघता येईल अशा जागी तपासणीच्या जास्तीच्या रिंगा चिकटवा. मंजूर जागा कुठल्या ते मेकरच्या सर्व्हिस लेटरमध्ये आहे. रिंग चिकटवलेली असली तरी भोक आज कापलंच पाहिजे असं नाही, लागेल तेव्हा कापता येतं.

कापडाबद्दल थोडक्यात. पूर्वी सुती असायचं, आता पॉलिस्टर, इस्त्रीनं ताणायचं, २५० मग ३०० मग ३५० फॅरेनहाइट, आणि इस्त्री थर्मामीटरनं तपासून घ्या, डायलवर लिहिलेलं खोटं असतं. जास्त गरम केलं तर कापड परत सैल पडतं, आणि कमजोर चौकटीवर एकदम एका बाजूनं ताणलं तर मागची कड वाकते. चंदेरी थर नीट द्या, ऊन तोच अडवतो. प्रत्येक खणाच्या सगळ्यात खालच्या जागी ड्रेनची रिंग, आणि शेवटचा रंग वाळला की प्रत्येक भोकातून काडी घालून बघा. प्रत्येक. मी एकोणीस रिंगा मोजून कागदावर टिक केल्या, बायको म्हणाली रांगोळीचे ठिपके मोजतोयस का.

कागदपत्रं आधीपासून गोळा करा. लाकडाचं, डिंकाचं, बोल्टचं सर्टिफिकेट, नमुन्यांचे तुकडे, फोटो, मग फॉर्म ३३७ (मोठ्या दुरुस्तीची एफएएकडे नोंद) आणि लॉगबुक, नवं वजन. मालक काम करू शकतो, पण परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखाली, आणि देखरेख म्हणजे कापड घालायच्या आधी त्यानं डोळ्यानं बघितलेलं. शेवटी सही मागायला गेलात तर कुठलाही शहाणा आयए कापड फाडायला सांगेल.

पहिल्या उड्डाणात विमान किंचित डावीकडे जड होतं. घाबरलो, पण ते स्पारचं नव्हतं, मागच्या स्ट्रटनं पंखाच्या टोकाचा पीळ लावायचा असतो तो अर्ध्या अंशानं चुकला होता, डिजिटल लेव्हल लावून एका दुपारी झालं. पहिल्या दहा तासांनंतर बोल्ट परत तपासले, मग पहिला उन्हाळा संपल्यावर, मग पहिला हिवाळा संपल्यावर. आवळले नाहीत, तपासले. लाल रंगाची बारीक रेष नट आणि वॉशरवर ओढून ठेवलीये, हललं तर कळतं.

डाव्या पंखाची तीन अ‍ॅन्युअल झाली आता, एकही खिळा वर नाही. मिशिगनवाल्या मित्राला सांगितलंय की लॉगबुकं पहिल्या पानापासून वाच आणि मग दिवा घे, तोवर विमान जमिनीवर. त्यानं काल फोटो पाठवलाय, पट्टीच्या टोकाशी काहीतरी आहे, पण सरळ उजेडात काढलाय, त्यामुळे ती सुरकुती आहे की व्हार्निशचा ओघळ ते सांगता येत नाही. परत काढायला सांगितलाय, दिवा आडवा धरून.

आणि माझ्या उजव्या पंखात, जो आम्ही ठीक आहे म्हणून ठेवला होता, परवा आतून चौथ्या रिबचा एक खिळा नखाएवढा वर दिसला. शेजारी पेन्सिलनं तारीख लिहिलीये, ड्रेनची भोकं मोकळी आहेत, ओलावा दोन्ही बाजूंना सारखा आहे. हात लावलेला नाही. तात्या शनिवारी येतोय, दिवा आणि आरसा घेऊन.